माझ्या पोटातली पावले

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि खरे सांगायचे तर जन्मापासून भित्रा आहे. हसू नका मित्रांनो, आधी माझ्या जागी उभे राहून बघा. माझ्या पोटात दुसऱ्यांच्या जिवाभावाच्या गोष्टी ठेवलेल्या असत, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि तोंड तर नाहीच. कुणी भलतेच बटण दाबायला निघाले तर "अहो, थांबा!" असे ओरडायचीही सोय नाही.

एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. एकीने माझे स्क्रू पिळले, दुसरीने मला चालू करून बघितले आणि तिसऱ्याने थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात बंद केले. त्या अंधारात मला वाटले, झाले, एवढेच होते आयुष्य. खोके उघडले तेव्हा मी बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात होतो. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. चामड्याचा आणि डिंकाचा वास सगळीकडे भरून राहिलेला.

ते साधे बूट नव्हते. ज्यांची पावले तयार बुटांत मावत नाहीत, कुणाचे आत वळलेले, कुणाचा एक पाय आखूड, अशा मुलांसाठी काका बूट करत. मूल स्टुलावर बसायचे, पाऊल कागदावर टेकवायचे आणि काका पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायचे. रेघ जराही कलली तर बूट चावतो, असे ते म्हणत. मुलांना गुदगुल्या होत. काका खोटे खोटे रागावत आणि म्हणत, "हसलीस तर सहा बोटांचा बूट करीन हं!"

ते कागद पूर्वी भिंतीतल्या कपाटात असत. पण भिंतीला ओल आली आणि कागदांना बुरशी धरली. तेव्हा त्यांच्या सूनबाईने हट्ट धरून मला आणवले. तिने एकेक कागद स्कॅनरवर ठेवून माझ्या पोटात उतरवला आणि कुजलेला गठ्ठा टाकून दिला. पुढेही नवा कागद माझ्यात उतरवला की ती टाकून देई. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, आता पावलं कुठे जात नाहीत." माझी छाती फुगली. सगळी पावले माझ्या एकट्याच्या हवाली होती. दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि ह्याची काळजी फक्त मला होती.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. सूनबाईने माझ्यासाठी फुलाफुलांचे झाकण शिवले. गिऱ्हाइकांना काकू मुद्दाम बोलावून दाखवत, "ह्याला नुसतं नाव सांगायचं, की पाऊल समोर!" मग मी जुना झालो. झाकणाचे पायपुसणे झाले. चामडे घासले की उडणारा भुगा माझ्या पंख्यात जाऊन बसू लागला. माझ्या डोक्यावर डिंकाचा डबा आला, त्यावर कात्री, त्यावर काकूंचा चष्मा. मी धापा टाकत काम करत राहिलो. वाईट वाटायचे, पण काम चालू होते तोवर मी तक्रार केली नाही. आणि केली असती तरी ऐकणार कोण होते म्हणा!

मग काका आजारी पडले. बरे झाले, पण उजवा हात थरथरायला लागला. पेन्सिल उभी राहीना. तेव्हापासून काकू पावले काढू लागल्या आणि काका शेजारी बसून सूचना देऊ लागले. सूचना इतक्या, की काकू म्हणत, "तुमचा हात गेला, पण जीभ मात्र दुप्पट झाली."

आमच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांची लाडकी होती भिंगरी. तिचे डावे पाऊल जन्मापासून आत वळलेले होते, पण पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. ती उभी राहायला लागली तेव्हापासून दर वर्षी काकांनी, आणि आजारपणानंतर काकूंनी, तिचे पाऊल काढले होते. तिला पहिल्यापासून बघणारे डॉक्टर गाव सोडून गेले, त्यांच्याकडचे काही हाती लागले नाही. नव्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितले की पाऊल आपले आपण सरळ होत असेल तर शस्त्रक्रिया नको, नाहीतर लवकर करावी लागेल. पूर्वीचे काही असेल तर घेऊन या.

भिंगरीची आई दुकानात येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "काका, तुमच्याकडची सगळी पावलं द्याल ना? ही झोपेत दचकून उठते हो. 'माझा पाय कापणार का?' विचारते."

"देतो की! त्यात काय," काका म्हणाले. "सूनबाई, काढ गं."

सूनबाईने बटण दाबले, आणि माझ्या पोटातून आवाज आला. टक. टक. टक.

मित्रांनो, माझ्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीकशी सुई तरंगत जाते. सुईने चकतीला कधीच शिवायचे नसते. पण सुईचा तोल गेला होता आणि ती चकतीला लागत होती. जिथे लागत होती तिथले पुसले जात होते. माझे धाबे दणाणले. बंद करा, बंद करा, असा मी जीव तोडून आक्रोश करत होतो, आणि बाहेर ऐकू जात होते फक्त टक, टक.

सूनबाईने मला बंद केले आणि पुन्हा चालू केले. मग काकूंनी एकदा करून बघितले. मग काका म्हणाले, "थांबा, आखडलाय तो." चामडे आखडले की काका ते गरम दिव्याखाली ठेवत आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकत. आयुष्यभर त्यांनी ह्या एका उपायाने हट्टी चामड्याला वठणीवर आणले होते. तोच उपाय त्यांनी माझ्यावर केला. दिवा लावला, अंग तापवले आणि ठोकले. माझे दुर्दैव असे, की त्या वेळी मी कसाबसा सुरू झालो.

"बघा! ऐकलं की नाही?" काका खूश झाले. पुढच्याच क्षणी पडदा काळा झाला. पण एकदा गुण आलेला उपाय माणूस सोडतो होय?

शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, राहू द्या. घरी येऊन दुरुस्त करणारे असतात. दाराला चिठ्ठी लावून गेलंय कुणीतरी." चिठ्ठीवर लिहिले होते, तासाभरात दुरुस्ती, तुमच्या दारी. तिने फोन केला आणि एक हसतमुख तरुण गृहस्थ बॅग घेऊन आले. घरात त्यांचे नाव लगेच पडले, तासाभरवाले.

तासाभरवाले खुर्चीवर बसले, टकटक ऐकली न ऐकली आणि म्हणाले, "फॉरमॅट मारतो. एकदम नवा करकरीत होईल."

फॉरमॅट म्हणजे सगळे पुसून टाकणे. माझ्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी कसलीशी सीडी माझ्या खाचेत सरकवली. पडद्यावर प्रश्न आला, पुढे जायचे का? त्यांचे बोट बटणावर गेले. सूनबाई बघत होती, काका बघत होते, आणि कुणालाच ठाऊक नव्हते की भिंगरीची सगळी पावले त्या एका बोटाखाली आहेत. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नव्हती.

"थांबा हो," काकू म्हणाल्या.

त्यांना फॉरमॅट म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्यांना दुसरेच काहीतरी खटकले होते. "आमच्याकडे मूल आलं की आधी विचारतो, कुठे दुखतं, चालताना काय होतं. मग हात लावतो. तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

"काय विचारायचं त्यात, मावशी?"

"ह्याच्यात काय आहे ते."

"काय आहे?"

"पावलं आहेत. पोरांची."

तासाभरवाल्यांनी बोट उचलले. त्यांचाही चेहरा उतरला. "अहो, मग ते आधी सांगायचं ना!"

"आधी विचारायचं ना," काकू म्हणाल्या.

माणूस वाईट नव्हता. घाईत होता एवढेच. जाताना चार वेळा माफी मागून गेला. पण माझे काम तमाम करायला ती घाई पुरेशी होती, हे मी विसरणार नाही.

मग काकूंनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि दुसरे दुरुस्तीवाले शोधू लागल्या. एकजण म्हणाला, मशीन आम्ही घेऊन जाऊ. काकूंनी विचारले, कुठे? तो म्हणाला, ते आमचं आम्ही बघू. फोन बंद. दुसऱ्याने काय बिघडले हे ऐकण्याआधीच पासवर्ड मागितला. तो फोनही बंद. सूनबाई कंटाळली. "आई, तुम्ही नवरदेव बघताय का?" काकू म्हणाल्या, "नवरदेव एवढा बघितला असता तर बरं झालं असतं." काका गालातल्या गालात हसले, पण त्यांचे लक्ष माझ्याकडेच होते.

मग एका बाईंनी फोन उचलला. आवाज घोगरा. काकूंनी टकटक सांगताच त्या म्हणाल्या, "आत्ता चालू आहे का? आधी बंद करा. वायरच काढा. आणि परत लावू नका, नुसतं बघायलासुद्धा नाही. आत काय आहे ज्याच्यावाचून तुमचं अडेल?"

काकूंनी सगळे सांगितले. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. तुमच्यासमोरच बसून करीन. सगळं निघेलच असं वचन देत नाही." ज्या बाईंनी वचन दिले नाही त्यांनाच काकूंनी या म्हटले.

वायर निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण फार वेळ नाही. संध्याकाळी काकू आणि सूनबाई चामडे आणायला बाहेर गेल्या. काका एकटेच माझ्यासमोर बसले. त्यांच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसत होती. "एकदाच," ते पुटपुटले. "आहेत की गेली, एवढंच बघतो." थरथरत्या हाताने त्यांनी वायर लावली. दिवा लावला. हातोडी उचलली.

नको काका! नको! मी टाहो फोडला. टक, टक, आणि मग एक लांब, करकरणारा आवाज. माझ्या आत पावलांवर पावले पुसली जात होती. काकांनी घाबरून वायर उपटली आणि दिवा विझवला. ते तसेच बसून राहिले. घरात कुणाला काही बोलले नाहीत.

सकाळी बाई आल्या. माझा पत्रा उघडून त्यांनी भुगा साफ केला, दिव्याने करपलेल्या एका ताज्या डागावर बोट टेकवले आणि वर न बघता विचारले, "मी सांगितल्यानंतर कुणी चालू केला होता?"

मग काकांनी तो थरथरणारा हात वर केला.

बाई रागावल्या नाहीत. "जीव अडकलेला असला की सगळे हेच करतात, काका," त्या म्हणाल्या. "पण आता ऐका. हा बरा होणार नाही. ह्याच्या पोटातलं निघेल तेवढं काढते. मध्येच थांबला, तर बाकीचं गेलं. मग आधी काय काढू?"

माझ्या पोटात काकांचे सगळे आयुष्य होते. त्यांच्या धडधाकट हाताने ओढलेली प्रत्येक रेघ होती, आणि तशी रेघ त्यांना पुन्हा ओढता येणार नव्हती. काका क्षणभरही थांबले नाहीत. "भिंगरीची."

बाईंनी माझी चकती बाहेर काढून त्यांच्या यंत्राला जोडली. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. ह्या वर्षीचे पाऊल गेले. त्याच्या आधीचे गेले. मग त्याच्याही आधीचे. प्रत्येक पावलाला वाटायचे, आता मी थांबणार. सगळ्यात जुने, पहिले पाऊल मात्र निघेना. बाई वाट बघत होत्या, काकू पदर मुठीत धरून उभ्या होत्या आणि काका डोळे मिटून बसले होते. मी होते नव्हते तेवढे बळ एकवटले. अर्धी रेघ निघाली. बोटे पुसली गेली होती, पण टाच आली, आणि टाचेचा कल आला.

मग मी थांबलो. बाकीची मुले माझ्यातच राहिली.

डॉक्टरांना टाचेचाच कल बघायचा होता. छापून नेलेले कागद एकमेकांवर ठेवून त्यांनी उजेडात धरले आणि सांगितले की पाऊल सरळ होते आहे, शस्त्रक्रिया नको. भिंगरी दुकानात आली ती दारातूनच ओरडत. "काका, नाही कापणार! नाही कापणार!" काका हसले. ती गेल्यावर मात्र माझ्या रिकाम्या पत्र्यावर हात ठेवून ते खूप रडले. इतर मुलांची पावले त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती आणि ते त्यांना ठाऊक होते.

मित्रांनो, आता टेबलावर नवा कॉम्प्युटर आहे. मी खाली आहे. पाऊल काढताना लहान मुले टेकायला माझा पत्रा वापरतात, त्यात मला आनंद आहे. आमच्यासारख्यांना बरे करायला कुणाला बोलवाल तेव्हा, आधी विचारणारा आणि तुमच्या डोळ्यांसमोर काम करणारा माणूस शोधा. आणि टकटक ऐकू आली तर हात आवरा. पण मला खरी भीती वाटते ती वेगळीच.

बाईंनी जाताना काकूंच्या हातात एक पाकीट दिले होते. त्यात एक छोटी डिस्क आहे. सगळ्या पावलांची दुसरी प्रत तिच्यावर काढायची आणि ती दुसऱ्या घरी ठेवायची. बाई अधूनमधून फोन करून विचारतात, "काढली का?" काकू म्हणतात, "उद्या नक्की." नवा छान चालतो आहे, म्हणून कुणाला घाई नाही. पाकीट फळीवर तसेच आहे, त्यावर चामड्याचा भुगा साचतो आहे, आणि भिंगरीची पावले पुन्हा एकाच पोटात आहेत. काल तो नवा काम करता करता उगाच क्षणभर अडखळला. कुणाच्या लक्षातही आले नाही. मी मात्र खाली थरथर कापत होतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या दुकानात गेलात, तर बुटांचे नंतर बघा. आधी एवढे विचारा, "काकू, ते पाकीट उघडलंत का?"