चपलांचा आवाज

केदारनाथने लाथेसरशी दार उघडले, दोन ढांगांत रंगमंचाच्या मध्यावर आला आणि लाकडी पिस्तूल आप्पांच्या छातीवर रोखले.

"थांब रे," समोरच्या खुर्चीतून नीलाबाई म्हणाल्या.

तालीम थांबली. कावेरी परळीत हे नाटक बसवत होती, बाजार समितीचे सभापती महारुद्र आप्पा यांच्या खुनावरचे. मारेकरी कधीच सापडला नाही. आप्पांची खुर्ची पुढे धाकट्या भावाकडे, उत्तरेश्वरांकडे गेली. नीलाबाई आप्पांच्या पत्नी. त्या नको म्हणाल्या तर प्रयोग होणार नाही, असा शब्द कावेरीने दिला होता, आणि आज त्या बहुधा नकोच म्हणायला आल्या होत्या.

"चपला घालून काहून आलास?"

केदारनाथ हसला. "काकू, खुनी हाय मी. पावना न्हाई."

"त्यो काढून आलता."

कावेरीने हातातली संहिता मिटली. "तुम्ही पाहिलंत, काकू?"

"लाइट गेलती. मी सैपाकघरात. भायेर चपला काढल्याचा आवाज आला, म्हनून पान्याचा तांब्या भरला. तेवढ्यात गोळी."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी तोंड बगितलं का इचारलं. तोंड न्हवतं बगितलं."

त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. केदारनाथ दाराबाहेर गेला आणि चपला काढून अलगद आत आला.

"चोरावानी न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्याच घरी आल्यावानी काढ."

तो पुन्हा बाहेर गेला. फट्, फट्. चपलांचा आवाज ऐकून आप्पांची भूमिका करणारा आश्रुबा दाराकडे वळला आणि संहितेत नसताना ओळखीचे हसला. नीलाबाईंनी मान खाली घातली.

मग कावेरीने विचारले, "प्रयोग करायचा ना, काकू?"

"करा." त्या उठल्या. "माझ्या दिराला बोलवा. उत्तरेश्वर भावजींना. पयल्या रांगेत बसवा. थितून उंबरा दिसतो न्हवं?"

त्या गेल्यावर कावेरी पहिल्या रांगेत जाऊन बसली. उंबरा दिसत होता. बाहेर काढलेल्या चपला मात्र दाराच्या चौकटीआड जात होत्या.

"केदार," ती म्हणाली, "चौकट जरा तिरकी कर."