पाय धुवाले

समीक्षाने हॉलचं शटर वर ढकललं आणि आत पाऊल टाकायच्या आधी मान वर केली. छत पांढरंशुभ्र. दारातून दिसत होतं तेवढ्यात तरी ना डाग, ना ओल. तिला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली, पण मागे मालक गुलाबराव उभे होते, म्हणून तिने नुसती ओढणी सारखी केली.

काल सकाळी गच्चीवरची पाणी जायची सगळी तोंडं बुजवून वर घोट्यापर्यंत पाणी भरून ठेवलं होतं. दुरुस्ती खरी की खोटी, ते आज कळणार होतं. चरोद्यातला हा लग्नाचा हॉल पावसाळ्यात असा गळायचा की गुलाबराव खुर्च्यांबरोबर बादल्याही भाड्याने देतात, असं लोक हसून सांगायचे. आता त्यांच्याच मुलीचं, मोनाचं लग्न इथे व्हायचं होतं.

पण समीक्षाला खरी काळजी होती ती काकांची. या दुरुस्तीचे ठेकेदार भाऊराव म्हणजे तिचे सख्खे काका. मालकाच्या वतीने काम पाहायची तिची ही पहिलीच खेप, आणि तिने कठड्याच्या कडेचं त्यांचं सगळं काम, त्यांच्याच मजुरांदेखत, फोडून पुन्हा करायला लावलं होतं. काकांनी ते करूनही दिलं. मात्र लहानपणी तिला खांद्यावर बसवून मडईची जत्रा दाखवणारे काका त्या दिवसापासून तिला 'मॅडम' म्हणू लागले. आज छत गळलं, तर ती फोडाफोड फुकट आणि काकाही कायमचे दुरावले.

"मालक, लाइट लावा ना. कोपरे पाहू."

लाइट लागले. नव्या फरशीवर पाणी होतं. जिन्यापासून स्टेजपर्यंत ओले, चकाकणारे डाग.

"गळून राहिलं ना, बाई!" गुलाबराव ओरडले आणि सवयीने बादली शोधायला धावले.

समीक्षा खाली बसली. बोट लावून पाहिलं, पाणीच. मग तिने मान तिरपी केली. डागांना टाच होती. बोटंही होती.

ती त्या पावलांमागून निघाली. स्टेजच्या मागे, पालथ्या घातलेल्या बादलीवर भाऊराव बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"काका! तुमी काहून गेले होते वर?"

"पाय धुवाले," भाऊराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

त्यांच्या तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पाय धुवायला एवढा वेळ कुणालाच लागत नाही; काका कितीतरी वेळ त्या पाण्यात फिरून कडा चाचपत असणार. समीक्षाला खुदकन हसू फुटलं.

"कोरडं हाये!" तिकडून गुलाबरावांची आरोळी आली. "चारही कोपरे कोरडे हायेत! अहो बाई, कोरडं हाये!"

समीक्षाने चपला काढून बाजूला ठेवल्या, सलवार वर खोचली आणि जिन्याकडे धाव घेतली.

"आता तुमी कुठं चालल्या, मॅडम?" भाऊरावांनी विचारलं.

"पाय धुवाले!"

ती अर्धा जिना चढून गेली, तेव्हा खालून काकांचा आवाज आला.

"कडेकडेनं चाल, पोरी. तिथं पक्कं हाये."