आवाज गेलेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, फाटकी छत्री किंवा जुनं दप्तर आपली कहाणी सांगतं, तेव्हा कसं गोड बोलतं! माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. सुरतच्या नवागामात, भूपेंद्र सरांच्या कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर मी उलटा पडलोय. अंगावर जुन्या कॅलेंडरांची रद्दी आहे. रागवायला एवढं पुरे नाही का?

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. स्वस्तातल्या कीबोर्डांना सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एक चादर असते. माझं तसं नाही. माझ्या प्रत्येक बटणाखाली वेगळी डबी आहे. डबीत स्प्रिंग असते आणि तिच्या शेजारी एक वाकवलेली पातळ पत्री. बटण दाबलं की ती पत्री टक् करायची. त्या टक्‌चा मला भारी तोरा होता.

भूपेंद्र सर मूळचे धुळ्याकडचे. क्लास काढण्याआधी त्यांनी संचे चालवले होते. सुरतेत यंत्रमागाला संचा म्हणतात आणि संचे असतात त्या जागेला खातं. खात्यात एकच माणूस अनेक संचे सांभाळतो. पाठीमागचा संचा त्याला दिसत नाही, पण ऐकू येतो. आवाज थांबला म्हणजे धागा तुटला, म्हणजे काम बंद. सरांनी ही सवय क्लासातही आणली. ते पार्टिशनच्या पलीकडे खुर्ची टाकून बसत आणि कानांनी शिकवत. जो बडवेल तो मेहनती! सुकदेव नावाचा विद्यार्थी शेजारच्या कीबोर्डवर असा तुटून पडे, की टेबल हले. सर पलीकडून म्हणत, "वा रे गड्या!" पडद्यावर काय उमटलंय ते बघायला उठतंय कोण?

मग उज्ज्वला आली. ती घरी आईबरोबर साड्यांचे धागे कापायची. सतत कात्री धरून तिची बोटं आखडली होती. माझी बटणं तिच्या करंगळीला दाबवत नसत.

"सर, मन्हं बोट दुखस. बटणं फार कडक शेतस," ती एकदा म्हणाली.

"जोर लाव! जेवेल नई का?" सर म्हणाले.

झाली शिकवणी! वर सगळे कीबोर्ड पुसायचे ते उज्ज्वलानेच. का, तर ती मुलगी. मुलं चहाला जात आणि ही आमची धूळ काढत बसे. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

अशीच पुसता पुसता तिने कोपऱ्यातल्या, कुणी वापरत नसलेल्या बटणाची डबी सुईने उघडली. आतली पत्री काढून पाहिली. डबी बंद करून बटण दाबलं, तर अक्षर उमटलं आणि बटण लोण्यासारखं खाली गेलं. मग तिने माझी सगळी बटणं तशीच हलकी केली. पत्र्या काडेपेटीत जपून ठेवल्या. सरांना सांगितलंही. सर फोनवर होते, "हा, हा," म्हणाले. आता तिने बोट टेकवलं की अक्षर उमटे. आवाज जवळजवळ नाहीच. माझा तोरा उतरला, पण पहिल्यांदाच वाटलं, आपण कुणाच्या तरी हाताला बसलो.

रिंगरोडच्या कापड बाजारातल्या एका पेढीला बिलं टाइप करायला माणूस हवा होता. जागा एकच. ती मिळाली तर उज्ज्वलाची कात्री सुटणार होती. नाही मिळाली, तर तिचे वडील हिलालभाऊ तिला सुरतजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात धाग्याच्या बॉबिन भरायला घालणार होते. पेढीचे मेहताजी, म्हणजे मुनीम, परीक्षा घ्यायला आले. उज्ज्वला आणि सुकदेव, दोघांना एकसारख्या बिलाचा कागद टाइप करायला दिला. सर आणि मेहताजी पार्टिशनच्या पलीकडे चहा प्यायला बसले.

सुकदेवने बडवायला सुरुवात केली. उज्ज्वलाची बोटं माझ्यावरून सरसर फिरत होती. कागद संपला, तिने तो पडद्याशी ताडून पाहिला आणि हात मांडीवर घेतले.

पलीकडून मेहताजी म्हणाले, "एकनोज अवाज आवे छे. पेली छोकरी शुं करे छे?"

एकाचाच आवाज येतोय, ती मुलगी काय करतेय, हे ऐकून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असावं. ते ताडकन आत आले.

"काय वं, धागा तुटना का? बंद करी बसनी?"

"सर, बठ्ठं हुई गयं. पडदा तं देखा."

पण सरांचा हात आधीच कॉम्प्युटरच्या बटणावर गेला होता. संचा थांबला की खात्यात आधी वीज बंद करतात ना! पडदा काळा झाला. तिचं सगळं बिल गेलं. त्यातलं अक्षर न् अक्षर माझ्यातून गेलं होतं, मला पाठ होतं. पण मला विचारतो कोण? आवाज असता तर तेव्हा मी किंचाळलो असतो!

दाखवायला पडद्यावर काही उरलंच नव्हतं, जागा सुकदेवला मिळाली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. उज्ज्वला काडेपेटी टेबलावर ठेवून निघून गेली. आता ती सचिनला बॉबिन भरते. तिथली यंत्रं दिवसभर एवढा गोंगाट करतात, की ती काम करते का, अशी शंका कुणालाच येत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. धूळ मला चालते. पण कुणी गुपचूप काम करत असेल, तर पार्टिशनच्या पलीकडून कान लावून तिचा निकाल लावू नका. उठा. तिच्या पडद्यापुढे जाऊन उभे राहा. बटण बंद करायचंच असेल, तर आधी वाचा.

परवा भंगारवाला माळ्याकडे बोट दाखवून माझ्याबद्दल विचारत होता.

"तो बिघडेल शे," सर म्हणाले.

बिघडलेला? आवाज येत नाही म्हणून? मित्रांनो, माझं प्रत्येक बटण अजून करंगळीनेही दाबलं जातं. मला कुणी बिघडवलं नव्हतं. मला एकीने नीट केलं होतं.