रंगाचे बावीस हात

टण् असा आवाज यायला हवा होता.

दोन किलो शेंगदाण्याची चटणी, एक किलो कारळाची. डबे वेगळे.

लेह कोणत्या नदीच्या खोऱ्यात आहे? एका वाक्यात उत्तर लिहा. एक गुण.

"हळू."

नातीला जीपमध्ये बसायचंय. नात स्कूटरवर येते.

ओला गंज तपकिरी नसतो. आतून फोडलेल्या पपईसारखा असतो, आणि तसाच बोटाला लागतो.

"हळू म्हणतोय ना मी!"

शेड नंबर, त्याखाली तारीख. मार्करनं. अक्षर तिरकं.

*

जगदेवी एकतीस मेला जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली. तीन जूनला सकाळी नऊ वाजता ती स्वतः जीप चालवत परळीत जीवन मिस्त्रीच्या गॅरेजात आली. शेजारी नवरा बसला होता, संगमेश्वर. मोंढ्याच्या रस्त्याला त्याचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान. डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून त्यानं स्टेअरिंग सोडलं होतं आणि सात वर्षं ते तिच्याच हातात होतं.

एकतीस वर्षं तिनं भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात लडाख कुठं आहे ते दाखवायला स्टुलावर चढावं लागायचं, म्हणून दरवर्षी पोरं आधीच स्टूल आणून ठेवायची. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-नारळ झाल्यावर तिनं माइक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पंधरा जूनला मी लेहला निघणार. आमच्या जीपनं. चालवणार मी." टाळ्या पडल्या. संगमेश्वरनंही वाजवल्या. जरा उशिरा.

जीप जुनी, फोर बाय फोर, पाटबंधारे खात्याच्या लिलावातली. पण कुणाला सांगितलं तर पटू नये अशी. दरवर्षी खंडेनवमीला संगमेश्वर तिला आंघोळ घालायचा, अगदी नळी लावून, खालून-वरून. मग चेसिसला, म्हणजे खालच्या ज्या लोखंडी सांगाड्यावर अख्खी गाडी उभी असते त्याला, दुकानातला ऑइलपेंट. एक हात. दसऱ्याला झेंडूचा हार. वर्षाला एक असे बावीस हात झाले होते. "माणसाचे पाय स्वच्छ तर माणूस स्वच्छ," तो म्हणायचा आणि स्वतःच्या चपला दारात वेड्यावाकड्या टाकायचा.

"बाई, खरंच चाललाव व्हय लडाखला?" जीवननं बॉनेट उघडता उघडता विचारलं. पंचविशीत तो रेल्वे वर्कशॉपमध्ये हंगामी होता, त्याच्या आधी जगदेवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर. म्हणून ती अजून 'बाई' आणि संगमेश्वर 'शेठ'.

"चालले."

"अन् शेठ?"

"शेठ नकाशा धरणार."

"मंग पोचल्याव तुमी," जीवन म्हणाला. "गेल्या साली अंबाजोगाईला जायचं तर चौकातून शेठनी तुमाला उलट्या अंगाला वळवलतं. लडाखच्या जागी कन्याकुमारी आली तर मला फोन करा, बाई."

जगदेवी खळखळून हसली. संगमेश्वर हसला नाही. तिला वाटलं, थट्टा लागली.

तिची यादी शाळेच्या हजेरीवहीच्या मागच्या पानावर होती.

इंजिन ऑइल. झालं.
क्लच प्लेट. झाली.
पुढचे पाटे, नवीन बुश घालून. झाले.
रेडिएटर धुणे, पाइप बदलणे. झाले.
पुढच्या चाकांचा गिअर लागतो का बघणे. लागला, "गपकन" (जीवनचा शब्द).
दोन कॅन डिझेलसाठी, टपावर बांधायला पट्टे. घेतले.
चेसिस खालून ठोकून बघणे

दुपार कलताना इथं जीवन थांबला. हातोडी घेऊन गाडीखालच्या खड्ड्याच्या दोन पायऱ्या उतरला होता तो, आणि तिथून त्यानं वर बघितलं. बाईंकडं नाही. शेठकडं.

"ठोकू ना, शेठ?"

"रंग नवा हाय," संगमेश्वर म्हणाला. "कशाला उगं खरवडतो?"

"अहो, खरवडत कुठंय, ठोकतोय," जगदेवी म्हणाली. "अठरा हजार फुटांवर जायचंय. ठोक रे जीवन."

जीवननं ठोकलं.

टण् नाही. थप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

पुन्हा एकदा, जरा मागं. हातोडी आत गेली. म्हणजे लागली आणि थांबली असं नाही, गेली. मनगटापर्यंत जीवनचा हात ज्या जागी लोखंड असायला हवं होतं तिथं होता, आणि त्याच्या डोक्यावर खपल्या पडत होत्या. एका अंगानं काळ्या आणि चकचकीत, दुसऱ्या अंगानं नारिंगी आणि ओल्या.

मग काहीतरी गोल, खण्ण करून खड्ड्यात पडलं. त्या ठोकाठोकीत तेवढाच लोखंडाचा आवाज.

"काय पडलं?"

जगदेवीनं पदर खोचला आणि ती स्वतः खड्ड्यात उतरली. तिथं ऑइलचा वास होता, थंडावा होता. वाकून तिनं ती चकती उचलली.

रंगाच्या डब्याचं झाकण. एका बाजूला खडबडीत पुट्टी, त्यावर काळा रंग. दुसऱ्या बाजूला, जी आत होती, तिथं मार्करनं इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं: 117, आणि खाली 11/10.

संगमेश्वर दुकानातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर शेड नंबर टाकतो आणि डबा फोडल्याची तारीख टाकतो. दुसऱ्याच्या हाताला मार्कर देत नाही. एकचा आकडा तो खाली पाय देऊन काढतो, जुन्या छापखान्यातल्यासारखा.

तिला आधी सुचलं ते हेच, की एकला पाय कशाला देतात हे लोक. खरंच. खड्ड्यात उभी राहून, डोक्यावर दीड टनाची गाडी, हातात ते झाकण, आणि ती एकच्या पायाचा विचार करत होती. कानात शाळेची घंटा झाल्यासारखं काहीतरी वाजत होतं आणि थांबत नव्हतं.

मग तिनं तारीख वाचली.

मग पुन्हा वाचली. कॉपी केलेला पेपर तपासताना वाचतात तशी, अक्षर अक्षर सुटं करून.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. अकरा ऑक्टोबर.

"मी सांगितलतं," जीवन हळूच म्हणाला. भिंतीला टेकून उभा होता, हातोडी पाठीमागं धरून, जणू तीच चोर. "आईची आण, बाई. त्या दिवशी शेठनी मला घरी बोलावलतं. धुताना ह्यांचं बोट आत गेलं. म्या बघितलं अन् म्हणलं, शेठ, हिला रस्त्यावर काढू नका. ही मधून मोडंल. ते म्हणले, बघतो मी. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. सकाळधरनं तुमी इतक्या हसत होताव, मला वाटलं, काम करून घेतलं आसंल दुसरीकडून."

"गंज आला कसा पण? दरवर्षी रंग…"

"रंगानंच आला." जीवननं बोटानं वर दाखवलं. सांगाड्याच्या पोटाला ओळीनं पुट्टीचे चार ठिपके होते, कपाळावरच्या टिळ्यांसारखे नीट. "ही भोकं असत्यात. आत गेल्यालं पानी भाईर पडायला. शेठनी बुजवली. दरसाल नळीनं आतलं भरलं, वरून रंग मारला. पानी कुठनं जाणार? आत राहिलं. बावीस साल. हे आता लोखंड न्हाई, बाई, हा नुसता रंगच हाय. रंगावर रंग बसून त्याचाच नळ झालाय."

खड्ड्याच्या काठावर दोन चपला आल्या.

"घाण आत जाऊ नये म्हणून बुजवलती म्या," वरून संगमेश्वर म्हणाला.

जगदेवी त्याला ते विचारत नव्हती. तिला नोव्हेंबर दिसत होता.

नोव्हेंबरात चकलांब्याला लग्न होतं. परळीहून चकलांबा म्हणजे सव्वाशे किलोमीटर. बाकीच्या सगळ्यांना त्यानं एस.टी.नं पाठवलं, "गाडी जड होती," म्हणाला. दोघंच गेले. गेवराईच्या अलीकडं मोकळा रस्ता लागला तशी तिनं ऐंशी घेतली. "हळू." सत्तर केली. "हळू म्हणतोय ना मी!" ती भडकली होती. तुमाला अजून माझ्या हातावर विश्वास नाही, सात वर्षं झाली, एक ओरखडा नाही, पुरुषाला शेजारी बसायला लाज वाटते, असं काय काय ती बोलत सुटली. तो वरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसला होता. ते तिनं नातेवाइकांत हसत हसत सांगितलंही: "आमचे हे माकडासारखे लटकून येतात."

तो तिच्या हाताला भीत नव्हता.

डिसेंबरात ती अंबाजोगाईला गेली. जानेवारीत धर्मापुरीला, दोनदा. फेब्रुवारीत घाटातून. दर वेळी तो दुकान बंद करून बरोबर आला. "आज गिऱ्हाईक न्हाई," म्हणून. जगदेवीला बरं वाटायचं. म्हातारपणी जीव लावतो बाई हा माणूस, असं तिनं बहिणीला, कावेरीला, फोनवर सांगितलं होतं.

आणि अपेक्षा.

नात, सहा वर्षांची, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. दिवाळीपासून तिचं एकच टुमणं: आज्जीच्या जीपमध्ये. दर वेळी आजोबा स्कूटर काढायचा, गल्लीपुरती तेवढीच तो अजून चालवायचा. जीपमध्ये धूळ असते. जीप तापलीय. जीपमध्ये मांजर व्यालंय. ते ऐकून जगदेवी स्वतः टॉर्च घेऊन सीटखाली मांजर शोधत बसली होती.

तिनं खड्ड्यातून वर पाहिलं. तिथून त्याचा चेहरा उलटा दिसत होता, आधी हनुवटी, मग डोळे.

"अपेक्षाला तुमी एकदा पण बसवलं नाही."

तिनं झाकण पुन्हा उलटं केलं.

"आठ महिने. एकदा पण नाही."

"न्हाई."

"मला बसवलं."

जीवननं हातोडी खाली ठेवली आणि पायऱ्या चढून गेला. नळावर जाऊन हात धुवायला लागला. बराच वेळ धूत होता.

"मी बी बसत होतो की," संगमेश्वर म्हणाला.

एवढंच. जगदेवीला जाणवलं की त्याच्या हिशेबानं हे उत्तर पूर्ण आहे. आठ महिने त्यानं हेच केलं होतं. सांगायला तोंड नव्हतं. म्हणून दुकानाला कुलूप लावून, मोडायचीच असली तर दोघांखाली मोडू दे, असा शेजारी येऊन बसला होता. तिला वाटलं आपण ओरडावं.

"सांगायचं होतं," तो म्हणाला. "दसरा झाला की सांगू म्हणलं. मंग तू लडाखचं काढलंस. रोज नकाशा घेऊन बसायचीस. म्हणलं, आपोआप मागं पडंल. माणसं असं लई काय काय ठरवत्यात. तू न्हाई पडलीस मागं."

"पंधरा तारखेला निघालो असतो, मग?"

"न्हाई निघू दिलं असतं."

"कसं?"

त्याच्याकडं 'कसं' नव्हतं. ते तिला स्पष्ट दिसलं. खड्ड्याच्या तेलकट पायरीवर ती चांगल्या साडीनिशी बसली. कारण तिला कळलं होतं: पंधरा तारखेला पहाटे हा माणूस चटणीचे डबे नीट मागं लावून, नकाशा मांडीवर घेऊन, शेजारच्या सीटवर येऊन बसला असता. आणि हळू, हळू म्हणत रोहतांगपर्यंत आला असता.

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"जीवन," तिनं खालूनच हाक मारली. आवाज वर्गातला निघाला, त्याचं तिलाच नवल वाटलं. "दुसरी चेसिस मिळते?"

"कडा गावात एक उभी हाय, हेच मॉडेल. इंजन गेल्यालं, सांगाडा ठणठणीत. पर आरटीओला अर्ज करावा लागंल, नंबर बदलतो तिचा. दोन म्हैने धरा."

"ऑगस्ट. सप्टेंबर अखेरपर्यंत रस्ता उघडा असतो."

"मंग आणू?"

"आण. आणि भोकं बुजवायची नाहीत. रंगाचा एक थेंब लागला तर गाडी घेणार नाही मी."

वरच्या चपला हलल्या. "अन् मी?" संगमेश्वरनं विचारलं. "लडाखला?"

"तुमी स्कूटरवर या," जगदेवी म्हणाली.

जीवनला हसू आलं, त्यानं ते गमछ्यात कोंबलं. जगदेवी हसली नव्हती. तिनं भिंतीवरचं पत्र्याचं खरवडणं काढून घेतलं आणि झाकण जिथून निसटलं होतं त्या भोकाच्या कडेला लावलं. काळा निघाला. त्याखाली राखाडी, मग गडद हिरवा, पुन्हा काळा, निळसर, कुठल्या तरी वर्षी संपत आलेल्या डब्यातला चॉकलेटी. साली निघत होत्या, तिच्या हातावर, केसांत पडत होत्या. शेवटी खात्याचा पांढरा लागला. तिनं जोर दिला. पांढऱ्यापलीकडं काही नव्हतं. पलीकडच्या बाजूचा उजेड होता, आणि त्या उजेडात गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला संगमेश्वर.

ती खरवडत राहिली. तोही तिथून हलला नाही.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये जीप पहिल्यांदा दारात आली, तेव्हा जगदेवी आत चढायला तयार नव्हती. संगमेश्वरनं तिला हात धरून बसवलं होतं.