वात्रट आकडे

तळ्याचं पाणी तपासणाऱ्या बाईंच्या कचेरीत एक रीत होती. जो आकडा बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही, त्याला 'वात्रट' म्हणायचं, काढून टाकायचं आणि मग सरासरी काढायची. दंगेखोर पोरांना वर्गाबाहेर हाकलायचं आणि वर्ग बघा किती शांत म्हणून मिरवायचं, तसली ही अक्कल.

बाईंना धास्ती होती ती त्या वात्रटांचीच. पूर्वी वादळानं गढूळलेलं तळं चार दिवसांत निवळायचं, आता आठवडे जात. पाण्यातला प्राणवायू दुपारी वाटेल तसा चढे आणि पहाटे तळ गाठे. सरासरी मात्र गुळगुळीत.

"साहेब, तळ्याला सावरायला वेळ लागतोय. एक दिवस ते सावरणारच नाही."

"सावरतंय ना अजून? माझा गुडघाही उशिराच सावरतो. मी काय मेलो?"

सगळे हसले. साहेबांचा विनोद होता, हसावंच लागतं. अहवालात 'तळं स्थिर' असं गेलं.

त्या एका शब्दावर विसंबून बाईंच्या धाकट्या भावानं तळ्यात माशांचे आणखी पिंजरे टाकले. बाई तडक त्याच्या घरी गेल्या.

"मासे काढ. लहान आहेत तर लहान, वीक."

"ताई, तुझंच ऑफिस स्थिर म्हणतंय. मी कुणाचं ऐकू?"

"वन्संना कशातही मरणच दिसतं," भावजय आतून म्हणाली.

मग कडक ऊन आणि वाऱ्याचा लवलेशही नाही, असा आठवडा आला. तळं शेवाळानं हिरवं झालं, आणि एका सकाळी भावाचे सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. काठावर साहेब नाकाला रुमाल लावून उभे. "अगदी अचानक झालं हो."

बाईंनी तोंड उघडलं, तोच भावानं त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. त्याच्या हाताला मेलेल्या माशांचा वास होता.

"ताई, अचानक झालं असंच लिहून दे. तरच भरपाई आहे. आधी कळलं होतं म्हणालीस, तर विचारतील, सख्खी बहीण सांगत होती तर मासे का नाही काढले?"

"खरं तेच आहे ना?"

"खरं घालू का पोरांच्या ताटात?"

बाईंनी लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि एकही शब्द न खोडता सही केली.