शिक्षिका सात

ताई गेल्यावर थोड्याच दिवसांनी भाची माझ्या ऑफिसात आली. "मावशी, आईच्या तासांचे व्हिडिओ तुझ्याकडे आहेत ना? फोनमध्ये नुसते फोटोच सापडले. मला तिचा आवाज ऐकायचाय."

होते की. विज्ञानाच्या तासाला टॅब्लेट वापरले तर मुलं जास्त प्रश्न विचारतात का, हा माझा संशोधनाचा विषय. कॅमेऱ्याचं नाव काढलं की बाकीचे शिक्षक गायब व्हायचे. ताई मात्र म्हणाली, "ये माझ्या वर्गात. फक्त माझं पोट दिसू देऊ नकोस."

पोट कसलं, मी काहीच दिसू दिलं नाही. शिक्षकाची ओळख पटता कामा नये, हा आमच्या कामाचा नियम. चेहरा धूसर करायचा, आवाज बदलायचा, नावाऐवजी आकडा द्यायचा आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. बाकीचे संशोधक ते गुपचूप ठेवून घेतात. मी मेली नियमाची पक्की!

व्हिडिओ लावला. फळ्यापुढे धुरकट डोकं आणि यंत्रातून आल्यासारखा घोगरा आवाज: "लोहचुंबकाचे दोन तुकडे केले तर काय होईल?"

"ही आई नाहीये," भाची म्हणाली.

"तीच आहे गं. शिक्षिका सात."

तास संपला. धुरकट डोकं कॅमेऱ्याकडे वळलं. "झालं का गं बाई तुझं? चल आता, जेवूनच जा."

भाचीने दोन्ही कानांवर हात दाबले.

"बंद कर, मावशी! लवकर बंद कर! नाहीतर मला हाच आवाज लक्षात राहील."