ढील

रविवारी जेवताना मृणाल म्हणाली, "मला भेगेत हात घालून चढायचंय."

मी आमटीची वाटी खाली ठेवली. पन्नाशी उलटलेली बायको पाटल्या मागेल, काशी मागेल, फार तर वेगळी खोली मागेल, इतपत नवऱ्याच्या मनाची तयारी असते.

"कातळाच्या भेगेत," तिने खुलासा केला. "ऋत्विक चढायचा तसं."

ऋत्विक आमचा मुलगा. दर रविवारी तो कातळ चढायला जायचा आणि तो पडेल म्हणून आम्ही दोघं घरात बसून घाबरायचो. कातळाने त्याला कधी नीट खरचटलंही नाही. गेल्या वर्षी तो म्हसळ्याहून बाईकवर घरी येत होता. रस्त्यावर नवा गतिरोधक झाला होता, त्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. तो गेल्यावर त्याच आठवड्यात मारले. छान ठळक मारलेत.

दहाव्याला माझी बहीण नलू चहा पिता पिता म्हणाली, "आईनंच ढील दिली, दुसरं काय." तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. संक्रांतीला शेजारची पोरं गच्चीवरून तोच शब्द ओरडत पतंग उडवत होती, तर मृणालने घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

तर भेग. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. बेसाल्ट आयुष्यभर फळ्यावर काढला, हात लावायची वेळ आली नव्हती. तशा कोकणात भेगा शोधायला लांब जावं लागत नाही. रस्त्यांना आहेत, टाचांना आहेत, आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीला तर उद्घाटनाआधीपासून आहेत. पण नवशिक्याला चढता येईल अशी भेग म्हटली की अटी सुरू होतात. कातळ बुटका हवा. जांभा नको, तो हातात येतो. माथ्यावर पायवाटेने जाता आलं पाहिजे, म्हणजे दोर वर अडकवून खाली सोडता येतो आणि चढणारा निसटला तरी जागच्या जागी लोंबकळतो. नेटवर शोधलं तर समुद्र दिसणारे होमस्टे निघाले. एका खाणवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे उभी भेग आहे का?" तो मला सरकारी माणूस समजला आणि चहा मागवून म्हणाला, "साहेब, बसून बोलू ना." आणखी एका ठिकाणची भेग उत्तम होती, पण तिथे आधीच आग्या मोहोळ राहायला होतं.

शेवटी जिला पहिल्यांदाच फोन करायला हवा होता, तिला केला. हेतल. पनवेलची, ऋत्विकबरोबर चढणारी. तो गेल्यावर एकदाच आली होती आणि दारातूनच परत फिरली होती.

"जागा आहे, काका," ती म्हणाली. "बोर्लीच्या पुढे, समुद्राकडे. सामान मी आणते."

तिथे पोचल्यावर तिने मृणालचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला. "भेग हाताच्या मापाची पाहिजे, काकू. टाईट असली तर हात जाणार नाही, मोठी असली तर अटकणार नाही. तुमचा हात सेम ऋत्विकसारखा आहे."

तिला ते माप इतकं पाठ कसं, हे आम्ही विचारलं नाही.

"म्हणून तर त्याने ही शोधली," मृणालच्या हाताच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावत ती म्हणाली. "लास्ट सीझनला. मला खाली उभं करून दिवसभर वर-खाली करत होता. बोलला, आईला इथे जमेल."

मी समुद्राकडे बघितलं. अशा वेळी समुद्र बरा पडतो.

"हात उभा घालायचा, अंगठा आत दुमडायचा. तळवा फुगतो, मग अटकतो. ओढाओढी करायची नाही. घाम येईल, ही पावडर लावा."

"राहू दे गं. मी काय कॅरम खेळतेय?"

"ओके. काका, दोर तुम्ही धरा, मी मागे आहेच. काकू 'टाईट' बोलल्या की खेचायचा, 'ढील' बोलल्या की सोडायचा."

मृणालने हातावरची चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवली.

"दुसरा शब्द नाही का?" मी विचारलं.

"'स्लॅक' म्हणतात. पण वाऱ्यात ऐकायला नाही येत, काका. ढील बरोबर ऐकायला येतं."

मृणाल चढली. म्हणजे घरात डबे काढायला माळ्यावर चढते तशी, पुटपुटत. मी दोर खेचत राहिलो. दोर ताठ असला की मला बरं वाटत होतं. अर्ध्यावर ती थांबली. तिथे भेग आत खोल गेली होती. तिला पायाखालच्या खाचेवर जरा खाली बसून त्यात हात घालायचा होता आणि माझा दोर तिला वर उचलत होता.

"सोडा जरा!"

मला ऐकू आलं. हात सुटेना.

"काका, त्या मागतायत."

"पडेल ती."

"नाही पडणार. वरून बांधलंय."

"अहो!" मृणाल अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "ढील द्या!"

दिली. वीतभर. मग आणखी वीतभर. ती खाली बसली. तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला, मग कोपरापर्यंत, आणि तिथे अडकला. गाल कातळाला लावून ती तशीच राहिली. मी दोर धरून उभा राहिलो. माझ्या मागे हेतल एकदा नाक ओढून हळूच म्हणाली, "तिथे आत पाऊस पोचत नाही."

मला तेव्हा कळलं नाही.

बऱ्याच वेळाने मृणाल म्हणाली, "उतरवा."

खाली आली तेव्हा तिचा उजवा तळवा आणि बोटं पांढरी झाली होती. पावडर तर तिने घेतलीच नव्हती. ती ऋत्विकच्या हाताची होती, गेल्या सीझनची. एक अख्खा पावसाळा आत राहिलेली.

हेतलने पाण्याची बाटली पुढे केली. मृणालने ती डाव्या हाताने घेतली आणि पाणी प्यायली.

परतताना बोर्लीत खानावळीत बसलो. मृणालने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हातात चमचा धरला. चमच्यावर भात राहीना. वाढणाऱ्याने चिकटपट्टी बघितली.

"वैनी, हाताला लागलाय काय?"

"हो," मृणाल म्हणाली. "लागलंय."

मी तिचा भात कालवला आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.